जर्मनीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: त्यांची क्लागे आणि आपली क्लागे

नमस्कार मंडळी,

म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट, बर्लिन, जिथे जिथे आपण ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, नाहीतर मास्टर्सला म्हणून आलो आणि मग इथेच टेकलो, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. नाव घेऊन कुणाला काही बोलायचं नाहीये, ज्याचं त्याला कळेल.

आपल्या ग्रुपवर मध्यंतरी एका मागोमाग एक दोन चर्चा झाल्या. पहिली अशी, की निर्वासितांचा असायलम, म्हणजे आश्रयाचा अर्ज, रिजेक्ट झाला ना, मग बॅग भरायची आणि निघायचं, हे लोक वर कोर्टात कशाला जातात, नुसता टाइमपास आणि तोही आपल्या टॅक्सवर. धडाधड अंगठे. आणि त्याच्याच खाली एकाने विचारलं की सिटिझनशिपचा अर्ज टाकून वर्ष होत आलं, ऑफिसातून साधं ईमेलचं उत्तर नाही, काय करू. तर सगळ्यांचं एकसुरात उत्तर, क्लागे टाक. उनटेटिग्काइट्सक्लागे, म्हणजे ऑफिस हलतच नाहीये म्हणून सरकारवर कोर्टात केस. तीन महिने गेले की टाकता येते, फी भर, वकिलाचा नंबर पर्सनलवर देतो, माझ्या मित्राचं असंच काम झालं वगैरे वगैरे. सल्ला बरोबरच होता, मी पण अंगठा दिला.

पण ही दोन्ही प्रकरणं एकाच कोर्टात जातात हो. फेरवाल्टुंग्सगेरिश्ट. सरकारी ऑफिसने चुकीचं केलं किंवा काहीच केलं नाही तर ज्याच्यावर ते बेतलंय त्याने जायचं ते कोर्ट. म्युनिकचं बायरश्ट्रासेवर आहे, मेन स्टेशनपासून चालत. तिथे आपल्या सिटिझनशिपच्या केसेस चालतात, कुणाच्या बांधकामाच्या परवानगीच्या चालतात, युनिव्हर्सिटीत सीट नाकारली त्याच्या चालतात आणि असायलमच्या पण चालतात. आपण गेलो की तो हक्क आणि अफगाण किंवा इराणी माणूस गेला की ती पळवाट, हे मला काही केल्या पटत नाहीये, म्हणून हे सगळं.

आणि आपला संबंध वाढत चाललाय बरं का. आधी मुंबईतून आईबाबांचा व्हिसा रिजेक्ट झाला की आपण रेमोन्स्ट्रात्सिओन लिहायचो, म्हणजे त्याच ऑफिसला विनंती की परत एकदा बघा. ते १ जुलै २०२५ पासून बंद झालं. आता एकतर नवीन अर्ज टाका नाहीतर बर्लिनच्या फेरवाल्टुंग्सगेरिश्टात क्लागे करा. म्हणजे सासूबाईंच्या टूरिस्ट व्हिसासाठी सुद्धा शेवटी दार तेच.

आता असायलमचं प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते, कारण ग्रुपवर जे लिहिलं जातं त्यातलं निम्मं चुकीचं असतं. मी गेली काही वर्षं आमच्या गावाजवळच्या हाइममध्ये, म्हणजे निर्वासितांच्या वसतिगृहात, रविवारी जाते. सुरुवात साधी होती. तिथल्या बऱ्याच अफगाण लोकांना हिंदी-उर्दू छान येतं, कुणी पाकिस्तानात वाढलेला, कुणी आपले सिनेमे बघून बघून शिकलेला, आणि त्यांना जर्मन कागद वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. बाकी मी वकील नाही, आयटीतलीच आहे तुमच्यासारखी.

तर निर्णय देतं बाम्फ, न्यूर्नबर्गचं केंद्रीय ऑफिस, ज्याच्या शाखा देशभर आहेत. २०२४ या एका वर्षात त्यांच्याकडे २ लाख २९ हजारांच्या वर नवीन अर्ज आले, त्याच्या आदल्या वर्षी तर ३ लाख २९ हजार. एवढ्या ढिगात प्रत्येक माणसाच्या वाट्याला काय येतं, तर मुख्य म्हणजे एक मुलाखत. काही तासांची. समोर एक अधिकारी, बाजूला डोल्मेचर म्हणजे दुभाषी, आणि तुमचं सगळं आयुष्य त्या तिघांच्या मधून जर्मन टायपिंगमध्ये जातं. शेवटी ते टाइप केलेलं परत तोंडी भाषांतर करून ऐकवतात, तोपर्यंत माणूस इतका दमलेला असतो की हो हो म्हणून सही करून मोकळा होतो. कधीकधी मुलाखत घेणारा वेगळा आणि निर्णय लिहिणारा वेगळा, म्हणजे लिहिणाऱ्याने तुमचा चेहराही पाहिलेला नसतो. मी बाम्फवाल्यांना वाईट म्हणत नाहीये, ढीगच तेवढा आहे. पण अशा पद्धतीने घेतलेल्या निर्णयात चुका होणारच नाहीत असं आपल्यापैकी कुठला क्वालिटीवाला सांगेल?

चूक कशी होते त्याचं एक उदाहरण. अफगाण माणूस तारीख सांगतो ती त्यांच्या कॅलेंडरची, त्यांचं वर्ष नवरोजला, म्हणजे साधारण २१ मार्चला सुरू होतं. तालिबान काबूलमध्ये घुसले तो १५ ऑगस्ट २०२१ चा दिवस त्यांच्याकडे २४ असद १४००. आता कुणी म्हणाला की माझ्या भावाला १३९९ च्या दल्व महिन्यात उचललं, आणि समोरच्याने घाईत १३९९ मध्ये ६२१ मिळवले तर होतं २०२०. पण दल्व हा अकरावा महिना, तो जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणजे खरं साल २०२१. आपल्या शकाचं पण असंच आहे ना, शके १९४६ मध्ये ७८ मिळवले की २०२४ येतं पण १९४६ चा माघ पडतो २०२५ मध्ये. झालं, एका वर्षाचा घोळ. आणि दुसऱ्या कागदावर, समजा कंपनीच्या पत्रावर, २०२१ आहे. मग निर्णयात वाक्य येतं की अर्जदाराच्या सांगण्यात विसंगती आहे, सबब विश्वासार्ह वाटत नाही. माणूस खोटं काहीच बोललेला नसतो. हे कोर्टात जजसमोर पाच मिनिटांत सुटू शकतं, पण त्यासाठी कोर्टापर्यंत पोचावं लागतं, आणि खरी मारामारी तिथेच आहे.

निर्णय येतो तो पिवळ्या पाकिटात. पोस्टमन त्या पाकिटावर हाताने तारीख लिहितो आणि पत्र पेटीत टाकून जातो, सही वगैरे काही नाही. त्या तारखेपासून मुदत सुरू. नेहमीच्या रिजेक्शनला क्लागे करायला दोन आठवडे. आणि 'उघडउघड बिनबुडाचा' असा शिक्का मारून रिजेक्ट केलं असेल, किंवा डब्लिनवालं असेल म्हणजे तुमची केस इटली नाहीतर बल्गेरियाने बघायची असं, तर एकच आठवडा. शिवाय त्या एका आठवड्याच्या प्रकारात नुसती क्लागे करून भागत नाही. क्लागे चालू असताना सुद्धा उचलून विमानात बसवू शकतात, म्हणून सोबत वेगळा तातडीचा अर्ज लागतो, आणि त्याचा निकाल बहुतेक वेळा सुनावणी न घेता कागदावरच लागतो.

एक आठवडा म्हणजे किती ते बघा. हाइममध्ये पेट्या कॉमन, कधी पत्र दुसऱ्याच खोलीत जातं, कधी हाउसमाइस्टर, म्हणजे तिथला केअरटेकर, सोमवारी देतो. निकालाचा मुख्य भाग आणि अपील कसं करायचं त्याची सूचना माणसाच्या भाषेत भाषांतर करून जोडलेली असते, पण का नाकारलं ती सगळी पानं जर्मनमध्ये. वकिलाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. आपल्याकडे एखादं पत्र आलं तर आपण फोटो काढून ट्रान्सलेटरमध्ये टाकतो, ऑफिसातल्या जर्मन कलीगला विचारतो, रेश्ट्सशुट्झ, म्हणजे वकिलाच्या खर्चाचा इन्शुरन्स असेल तर तिथे फोन लावतो. त्यांच्याकडे यातलं फक्त पहिलं असतं. आणि पत्ता बदलला आणि कळवायचं राहिलं, तर पत्र जुन्या पत्त्यावर गेलं तरी ते मिळालं असंच धरतात. हा सापळा फार लोकांना नडतो. मित्राकडे राहायला गेला, महिन्याभराने कळलं की मुदत केव्हाच संपली.

(मुदतींबद्दल एक सांगून ठेवते. युरोपचे नवीन असायलम नियम लागू व्हायची तारीख जून २०२६ आहे, त्यात बरंच काही हलतं, त्यामुळे माझे हे आठवडे पाठ करू नका, निकालाला जी सूचना जोडलेली असते तिच्यात काय मुदत लिहिली आहे तेच खरं.)

दुसरा गैरसमज, की हे लोक कोर्टावर कोर्ट चढत जातात आणि दहा वर्षं काढतात. अहो, उलट आहे. आपल्या सिटिझनशिपच्या केसमध्ये खालच्या कोर्टात हरलो तर वरच्या कोर्टाची परवानगी मागताना आपण म्हणू शकतो की या निकालाच्या बरोबर असण्याबद्दलच गंभीर शंका आहे. असायलममध्ये हे कारण चालतच नाही. तिथे कारणं मोजकी: मुद्दा सगळ्यांसाठी महत्त्वाचा असायला हवा, किंवा निकाल वरच्या कोर्टाच्या आधीच्या निकालाच्या विरुद्ध असायला हवा, किंवा प्रक्रियेत मोठी चूक झालेली असायला हवी. जजने चुकीचा अंदाज बांधला एवढ्यावर वर जाता येत नाही. आणि कोर्टानेच क्लागे 'उघडउघड बिनबुडाची' म्हणून फेटाळली तर पुढे वाटच नाही, संपलं. तातडीच्या अर्जावरच्या निकालाला पण वर अपील नाही. म्हणजे सरकारी ऑफिसच्या बाहेरचा कुणीतरी तुमचा कागद नीट वाचणार ही संधी बहुतेकांना एकदाच मिळते, आणि बहुतेक वेळा तो कुणीतरी म्हणजे एकच जज असतो.

हा एकदाचा जो दिवस असतो तो तुम्ही बघून या असं मी खरंच म्हणेन. सुनावण्या ओपन असतात, कुणीही मागे जाऊन बसू शकतं, ओळखपत्र दाखवायचं, बॅग चेक, आत. दाराबाहेर त्या दिवसाच्या केसेसची यादी लावलेली असते. सिनेमातलं कोर्ट डोक्यात असेल तर निराशा होईल, छोटी खोली, एक जज, बाजूला दुभाषी, अर्जदार आणि असला तर वकील. सरकारी बाजूची खुर्ची बऱ्याचदा रिकामी, बाम्फ माणूसच पाठवत नाही. जज प्रश्न विचारतात, उत्तर ऐकतात आणि मग रेकॉर्डरवर स्वतः सारांश बोलून घेतात, जर्मनमध्ये, आणि इथे जजची माणुसकी कळते, काही जण बोलून झालं की दुभाष्याला सांगतात की हे त्यांना परत सांगा, बरोबर आहे का विचारा. मी एकदा एका बाईंसोबत गेले होते, जजनी तारखांचा सगळा गुंता शांतपणे एका कागदावर रेघ ओढून, डावीकडे त्यांचं कॅलेंडर उजवीकडे इथलं, असा सोडवला. मला आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाईच आठवल्या. त्या केसचं काय झालं ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं खाजगी आहे.

सुनावणीच्या आधी कोर्ट एक लांबच लांब यादी पाठवतं, त्या देशाबद्दलचे कुठले कुठले रिपोर्ट आम्ही विचारात घेणार आहोत त्याची. परराष्ट्र खात्याचे, यूएनएचसीआर म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे, मानवाधिकार संस्थांचे. पानंच्या पानं. ज्याला वकील आहे तो त्यातलं कामाचं शोधतो, ज्याला नाही तो ती यादी फाइलला लावून ठेवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कोर्ट बघतं ती परिस्थिती सुनावणीच्या दिवशीची, अर्ज केला त्या दिवशीची नाही. ऑगस्ट २०२१ च्या आधी किती अफगाण लोकांना सांगितलं गेलं होतं की काबूलमध्ये तरुण धडधाकट पुरुष राहू शकतो, जा परत. त्यातले जे कोर्टात गेले होते आणि ज्यांची केस पेंडिंग होती त्यांचा विचार तालिबान आल्यानंतरच्या परिस्थितीवर झाला. ज्यांची मुदत चुकली होती ते कुठे गेले देव जाणे. अफगाण बायकांबद्दल तर ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपियन कोर्टाने, लक्झेंबर्गच्या, सांगितलं की तालिबानने बायकांवर लादलेलं सगळं एकत्र धरलं तर तो छळच आहे आणि प्रत्येकीने आपल्यावर व्यक्तिशः काय गुदरणार ते वेगळं सिद्ध करायची गरज नाही. ती केस दोन बायकांची होती, ऑस्ट्रियातल्या, ज्यांना आधी नाही म्हटलं होतं आणि ज्या कोर्टात गेल्या होत्या. तुमच्या भाषेत त्यांनी टाइमपास केला.

हे उलट दिशेने पण चालतं हे मी लपवत नाही. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये असद पळून गेला, आता ज्यांच्या केसेस उभ्या राहतील त्यांना कोर्ट विचारणार की आता कसली भीती. बरोबरच आहे. कोर्टात गेलं म्हणजे जिंकलंच असं नाही, जास्त लोक हरतातच, आणि काही लोक खोटं सांगतात हेही मी बघितलंय, पाठ केलेली गोष्ट लगेच ओळखू येते. पण कोण खोटं बोलतंय हे बघायलाच तर कोर्ट आहे ना. आपण ग्रुपवर बसून सगळ्यांचा निकाल एकदम लावतो त्याला काय म्हणायचं?

आता आपल्या घरचा विषय. २०२५ मध्ये सीडीयू, सीएसयू आणि एसपीडी या पक्षांनी मिळून सरकार बनवताना जो करार केला त्यात लिहिलंय की 'सुरक्षित देशां'ची यादी वाढवायची आणि सुरुवात अल्जीरिया, भारत, मोरोक्को आणि ट्युनिशियापासून करायची. युरोपियन कमिशनने एप्रिल २०२५ मध्ये जी यादी सुचवली तिच्यातही भारत आहे. हे आलं तेव्हा आपल्याकडे काहींनी तिरंगे टाकले, बघा भारत सेफ आहे हे जर्मनीने मान्य केलं म्हणून. मला त्यात आनंद मानण्यासारखं काय ते कळलं नाही. सुरक्षित देश या शिक्क्याचा कायद्यात अर्थ असा की तिथून आलेल्याचा अर्ज मुळातच 'उघडउघड बिनबुडाचा' धरायचा, उलटं सिद्ध करायची जबाबदारी त्याची, आणि मुदत तीच एक आठवड्याची. भारतातून येणारे बहुतेक अर्ज आजही नाकारलेच जातात, कोर्ट म्हणतं की गावात त्रास आहे ना मग दुसऱ्या राज्यात, मोठ्या शहरात जाऊन राहा, आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा त्यात तथ्य असतं, पंजाबातला मुलगा पुण्यात येऊन खोली भाड्याने घेऊन राहू शकतो, राहतातच की. पण जातीबाहेर लग्न करून घरच्यांपासून पळालेली मुलगी, जिचा भाऊ मोबाईल लोकेशन काढून तीन शहरं पालथी घालतो, तिलाही आपण हेच सांगणार का? महाराष्ट्रातल्या पेपरांत ऑनर किलिंगच्या बातम्या आपण वाचत नाही असं थोडंच आहे. हजारात एक असेल ती, पण तिला सात दिवसांत वकील गाठावा लागेल, आणि त्या सात दिवसांत तिच्याशी हिंदीत बोलणारं माणूस आपल्यातलंच कुणीतरी असू शकतं.

त्याच करारात अजून एक वाक्य आहे ज्याची ग्रुपवर चर्चाच झाली नाही. आत्ता नियम असा आहे की फेरवाल्टुंग्सगेरिश्टाने खरं काय ते स्वतः शोधायचं, फक्त समोर आणून दिलेल्या कागदांवर बसून राहायचं नाही. असायलममध्ये हे उलटं करायचं, जे काही आहे ते माणसाने स्वतःच आणून मांडायचं, असा त्यांचा विचार आहे. वकिलाविना, जर्मन न येता, हाइममध्ये राहणाऱ्या माणसाला सांगायचं की तालिबानच्या कोर्टाचा कागद तूच आण. मला हे बाकी सगळ्यापेक्षा धोक्याचं वाटतं, आणि आज असायलममध्ये झालं तर उद्या व्हिसाच्या केसमध्ये होणार नाही याची खात्री मला तरी नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. असायलमच्या केसेसमुळे ही कोर्टं तुंबतात आणि आपली सिटिझनशिपची केस पण त्यामागे अडकते. हो, अडकते. पण त्यावरचा उपाय जास्त जज आणि पहिल्या मुलाखती नीट घेणं हा आहे. रांग लांब आहे म्हणून आपल्या पुढच्या माणसाला रांगेतून बाहेर काढा, हे आपण मुंबईच्या व्हिसा ऑफिसबाहेर स्वतःबद्दल ऐकून घेतलं असतं का?

ज्यांनी हा देश युद्धानंतर परत उभा केला त्यांनी १९४९ च्या राज्यघटनेत दोन गोष्टी लिहिल्या, एक, राजकीय छळ झालेल्यांना आश्रयाचा हक्क आहे, आणि दुसरी, कलम १९ मध्ये, की सरकारने कुणाच्याही हक्काला धक्का लावला तर त्याला कोर्टाचं दार उघडं आहे. कुणाच्याही, फक्त जर्मन नागरिकाच्या असं नाही लिहिलेलं. त्या लिहिणाऱ्यांमध्ये हिटलरच्या काळात स्वतः देशाबाहेर पळून राहिलेली माणसं होती. पहिलं कलम १९९३ मध्ये बरंच आवळलं, दुसरं अजून उभं आहे आणि आपण सगळे नॉन-जर्मन पासपोर्टवाले त्याच्याच जिवावर क्लागे टाकतो.

आणि वळिवडं आठवतंय ना? ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकाला गेले तेव्हा आपल्या प्रत्येक ग्रुपवर तो फोटो होता, अभिमान वगैरे. १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात पाचेक हजार पोलिश लोक, बायका आणि लहान मुलं जास्त. युद्ध १९४५ ला संपलं, मग ते लगेच परत का नाही गेले? कारण त्यातल्या कितीतरी जणांची गावं आता सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती, आणि तिथूनच तर त्यांना सैबेरियात हाकललं होतं. युद्ध संपलं, बॅग भरा, असं म्हणून त्यांना लगेच हाकललं नाही. बरेच जण पुढे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले आणि म्हातारे होईपर्यंत कोल्हापूरला भेट द्यायला येत राहिले. त्या फोटोला बदाम पाठवणारे आणि परवा अंगठे देणारे हात बऱ्यापैकी तेच होते, मी स्क्रोल करून बघितलं.

असो. चिडून लिहायचं नव्हतं, थोडं झालंच. आता मागणं काय आहे ते.

आपल्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या इथल्या जर्मन स्वयंसेवकांकडे नाहीत, हिंदी-उर्दू समजणं आणि सरकारी जर्मन कागदांची सवय. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याच्या नोंदणीपासून ब्लू कार्डपर्यंत आपण तेच तर करत आलोय. तर ज्याला शक्य आहे त्याने जवळच्या हाइममध्ये किंवा कारितास, डियाकोनी या चर्चच्या सेवासंस्थांच्या सल्ला केंद्रात जाऊन सांगा की मी या भाषा बोलतो, पिवळं पाकीट आलं की फोन करा. काम कसलं, तर पाकीट फेकू द्यायचं नाही कारण तारीख त्याच्यावर आहे, निकालाची सगळी पानं जागच्या जागी आहेत ना बघायचं, मुदत कॅलेंडरवर लिहायची, आणि वकील मिळत नसेल तर माणसाला घेऊन थेट फेरवाल्टुंग्सगेरिश्टाच्या रेश्ट्सआंट्रागश्टेलेला, म्हणजे अर्ज घेणाऱ्या खिडकीला, जायचं. तिथला कर्मचारी क्लागे समोर बसून लिहून घेतो. असायलमच्या केसला कोर्टाची फी नाही, पहिल्या कोर्टात वकील असलाच पाहिजे असंही नाही. क्लागे एका पानाची पुरते, फाइल नंबर, निकालाची तारीख, कधी मिळाला, आणि सही. कारणं सविस्तर द्यायला निकाल मिळाल्यापासून महिना असतो. साध्या ईमेलने पाठवू नका, ते धरत नाहीत, फॅक्स चालतो, हो फॅक्स, जर्मनी आहे हा.

काय करायचं नाही तेही सांगते. कायदेशीर सल्ला देऊ नका. इथे कायद्याने, फुकट सल्ला द्यायचा तरी तो जाणकार वकिलाच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो, आणि चांगल्या मनाने दिलेल्या चुकीच्या सल्ल्याने लोकांच्या केसेस गेल्यात. "असं सांग म्हणजे लवकर मिळेल" हे तर कधीच नाही. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांच्यासाठी बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत रेफ्युजी लॉ क्लिनिक आहेत, तिथे लॉचे विद्यार्थी वकिलांच्या हाताखाली हे काम करतात, दुभाषी त्यांना नेहमी कमी पडतात. आपली मास्टर्सची मुलं संध्याकाळी काय करायचं म्हणून विचारत असतात ना, हे करा. आणि दुभाषी म्हणून गेलात तर समोरचा जे बोलला तेवढंच सांगा, त्याची दया येऊन गोष्ट सजवू नका, त्याने त्याचंच नुकसान होतं.

गणपतीच्या तयारीची मीटिंग आहेच, तिथे अजेंड्यावर हा विषय टाकावा अशी मंडळाच्या कमिटीला माझी विनंती आहे, ढोल-ताशाच्या परवानगीच्या आधी किंवा नंतर कधीही, दहा मिनिटं खूप झाली. हिंदी-उर्दू नीट बोलणारे आणि जर्मन किमान बी२ असलेले किती जण रविवारी दोन तास काढू शकतात तेवढी नावं मला हवीत. ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनी पण या, सुनावणीची एखादी तारीख बघून आपण पाच-सहा जण बायरश्ट्रासेवर मागच्या बाकावर बसून येऊ, मग भांडू.

तुमचीच,
म्युनिकजवळच्या मंडळाची एक सभासद